पिंजरा भंगारात घातलात?

नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला, मार्क साठच्या आसपास, आणि संध्याकाळी तुमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये भंगार जोडून शिल्पं करत बसतो. त्याला इंजिनिअरिंगकडे कसं वळवावं, असं तुम्ही विचारलंय. पण पत्रातल्या एका ओळीपाशीच मी अडकले: "त्याचा पिंजरा मी भंगारवाल्याला घातला, साडेअकरा किलो भरला."

सोबतचा त्या शिल्पाचा फोटो मी बराच वेळ पाहिला: पिंजरा, आणि आत एक पक्षी. पक्ष्याचं पोट बेअरिंगचं, मान सायकलच्या चेनची. पंख मात्र पिंजऱ्याच्याच गजांचे. एका बाजूचे गज कापून, वाकवून त्याने पक्ष्याच्या खांद्याला जोडलेत. ज्या लोखंडाने कोंडलं त्याच लोखंडाचे पंख, हे सतराव्या वर्षी सुचणं साधं नाही. हा पिंजरा म्हणजे आपल्यावर टीका, असं तुम्हाला वाटलं. असेलही. मग त्याला विचारायचं होतं. वजनकाट्यावर ठेवून तुम्ही बोलणंच संपवलंत, ते चुकलंच.

"वेल्डिंग तर माझा कारागीरही करतो, त्याला शिल्पकलेचं कॉलेज कशाला?" हा तुमचा गैरसमज आहे. लोखंड जोडून शिल्प करण्याची कला वर्कशॉपमधूनच आली, पण तेवढ्यावर भागत नाही. स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ १९१८ मध्ये पॅरिसजवळ रेनोच्या मोटार कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढे पिकासोला लोखंडी शिल्पं करायला त्यानेच हात दिला. त्याच पिकासोने १९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. जोड कसा मारायचा हे तुमच्या शेडमध्ये शिकता येतं. शरीररचना, मातीकाम, साचे, ओतकाम यांना मात्र वर्षानुवर्षं शिक्षकासमोर बसावं लागतं.

शिल्पकलेची पदवी, म्हणजे बीएफए, चार वर्षांची. बारावीनंतर त्यासाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते; मुंबईचं जे. जे. आणि बडोद्याचं कला महाविद्यालय यांच्या सूचना वेगळ्या पाहा. सुरुवातीची कमाई बेभरवशाची असते, हे त्यालाही स्पष्ट सांगा. पण मन नसताना इंजिनिअरिंगची फी भरू नका.

"माझे हात काळे झाले, त्याचे होऊ नयेत," असं लिहिलंत. ही माया आहे, मला कळते. पण त्याला तेच हात आवडलेत. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपचा वेल्डिंगचा धूर किती बाधतो, काच न लावता वेल्डिंगचा आर्क पाहिला की रात्री डोळे कसे चुरचुरतात, हे त्याला तुमच्याइतकं कोण शिकवणार?

आणि फोटो तुम्हीच काढून ठेवलात, विकण्याआधी. भंगारवाल्याचा माल गाडी भरल्याशिवाय भट्टीला जात नाही. आज संध्याकाळीच त्याच्याकडे जा, मुलाला सोबत घेऊन.