सिपानी डॉल्फिन (फायबर बॉडीची जुनी छोटी गाडी) विकायला आहे, पण ड्रायव्हरकडचा दरवाजा नीट लागत नाही. फायबर बॉडी ढिली झाली असेल का? घ्यावी का?

घ्या. आणि दरवाज्यावरून फायबरला नावं ठेवू नका. हाच वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललाय.

आमच्या नानांनी जळगावात डॉल्फिन घेतली तेव्हा मोठे आबा अंगणात बोनेटवर टिचकी मारून म्हणाले, "हाई ते प्लास्टिकनी गाडी शे!" पुढे ड्रायव्हरकडचा दरवाजा खाली बसला, उचलून लावावा लागायचा. आबांना आयतंच सापडलं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असते, फायबर वितळलं, असं ते अख्ख्या भावकीत सांगत सुटले. एका गॅरेजवाल्याने तर बॉडीला आडवा लोखंडी अँगल बोल्टने ठोकला. महिनाभरात त्या बोल्टांभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, चिरा पडल्या.

मग नानांनी जे केलं ते तुम्हीही करा. दरवाज्याच्या फटीत लग्नपत्रिका घातली. गाडी जमिनीवर असताना ती वरच्या कोपऱ्यात सहज सरकायची. ड्रायव्हरच्या बाजूने मागून जॅक लावून चाक उचललं की तिथेच घट्ट अडकायची. डाव्या दरवाज्याला तसंच करून पाहिलं, फट जागची हलली नाही. बॉडीच लेचीपेची असती तर दोन्हीकडे फरक पडला असता ना? कार्पेट उचललं. खाली त्याच गॅरेजवाल्याने घातलेलं गोणपाट, ओलं कुजलेलं. त्याच्याखाली चेसिसमधून, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यातून, बाजूला निघणारा, ज्यावर बॉडी बसते तो ब्रॅकेट गंजून पापुद्रे सुटलेला. बोटाने तुकडा निघाला. गंजलं होतं लोखंड, फायबर जसंच्या तसं होतं.

आता आकडे, कारण आबांसारखी माणसं तुम्हालाही भेटतील. पोलादाचा ताठपणा साधारण २०० गिगापास्कल, हाताने थापलेल्या चॉप्ड मॅटच्या (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई) फायबरचा ७-८. म्हणजे पंचवीसपट कमी. पण फायबर साधारण पाचपट हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात थर पाचपट जाड बसतो, आणि सपाट पॅनल वाकायला करतं तो विरोध जाडीच्या घनाने वाढतो. १२५ भागिले २५, म्हणजे पत्र्याच्या पाचपट ताठ पॅनल! मात्र अख्खी गाडी पिळली जाते तेव्हा जाडी नुसती सरळ प्रमाणात कामी येते. तिथे फायबर मागे पडतं. म्हणूनच खाली पोलादी चेसिस असते. १९५३ च्या अमेरिकन कॉर्व्हेट या फायबरच्या गाडीला होती, ब्रिटिश लोटस कंपनीने १९५७ च्या एलिटमध्ये जवळपास सगळा भार फायबरवर टाकून पाहिला आणि १९६२ च्या एलानला पोलादी कणा दिला. डॉल्फिन ज्या ब्रिटिश रिलायंट किटन गाडीवरून आली, तीही चेसिसवरच. तरी बॉडी नुसती वर ठेवलेली नसते. झाकण लावलेला चपलांचा खोका पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. छप्पर आणि खांब पिळाला अडवतात, पण बॉडी चेसिसला घट्ट धरलेली असेल तरच.

म्हणून बोल्ट, रबर पॅकिंग आणि त्यांखालचे मोठे वॉशर आधी बघा. नाण्याने टकटक करा, भद्द आवाज आला तिथे थर सुटलाय. बॉडी धरणाऱ्या बोल्टांभोवतीच्या चिरा वाईट, दगडाने पडलेली चांदणीसारखी चीर किरकोळ. ब्रॅकेटला वेल्डिंग करायचं तर बॉडी उचलूनच, फायबरमधलं रेझिन (धागे चिकटवून धरणारा राळेसारखा पदार्थ) पेट घेतं. आम्ही शेजाऱ्यांना हाक मारून उचलली, एवढी ती हलकी. फायबरचं काम कूलर आणि टाक्या बनवणाऱ्या कारागिराने केलं, अँगल काढून भोकं ग्राइंड करून मॅट थापली. दरवाजा एका बोटाने लागायला लागला. नाना त्या गाडीने कन्नडचा घाट चढून औरंगाबादला गेले, आबांची पत्र्याची गाडी तोवर दाराखालून सडली होती. आबा आजही लग्नकार्यात "प्लास्टिकनी गाडी" म्हणतात, आणि मी आजही त्यांना दारं कशाने सडली ते विचारतो.

एक सांगायचं राहिलं, हे सगळं छपराच्या गाडीबद्दल. सॅन स्टॉर्मसारखी उघडी गाडी असेल तर झाकणच नाही, चेसिस दुप्पट बारकाईने बघा. आणि ताठपणा म्हणजे अपघातातली सुरक्षा नव्हे, हायवेला ट्रकच्या मागे लागू नका. मालक कार्पेट उचलू देत नसेल तर टोकन देऊ नका.