प्रवाह चालू ठेवून एनएमआरवर मोजलेली अभिक्रिया कितपत खरी मानावी?

रिअॅक्टरमधील द्रव नळीवाटे सतत एनएमआरमधून (चुंबकात ठेवलेल्या द्रवातील केंद्रकांच्या संकेतावरून पदार्थ ओळखणाऱ्या व मोजणाऱ्या यंत्रातून) फिरवताना पंपाचा वेग बदलला की उत्पादिताचे प्रमाणही बदललेले दिसते, तेव्हा प्रत्येक वेळी पंप थांबवूनच मोजावे का, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याजवळ नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि आम्हीही याच ठिकाणी अडलो होतो. माझ्या मते संथ अभिक्रियांसाठी पंप थांबवण्याची गरज नसते, मात्र वेग ठरवण्यापूर्वी एक हिशेब मांडावाच लागतो.

ज्यांचा संकेत आपण मोजतो ते प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे केंद्रक, चुंबकात शिरताक्षणी पूर्ण चुंबकित होत नाहीत. त्यांचा शिथिलन काळ, म्हणजे टी-वन, उलटेपर्यंत 63 टक्के, त्याच्या तिप्पट वेळात 95 टक्के आणि पाचपट वेळात 99 टक्क्यांहून थोडे अधिक चुंबकन होते. स्थिर नमुन्याला हा वेळ आपोआप मिळतो. वाहत्या नमुन्याला तो किती मिळेल, हे मोजणाऱ्या कॉइलच्या आधी चुंबकाच्या आत किती द्रव मावतो यावर आणि पंपाच्या वेगावर ठरते. समजा तिथे 1 मिलिलिटर द्रव मावतो आणि वेग मिनिटाला 10 मिलिलिटर आहे, तर हाती 6 सेकंद येतात. मूळ पदार्थाचा टी-वन 2 सेकंद आणि उत्पादिताचा 6 सेकंद असेल, तर पहिल्याचा संकेत 95 टक्के मिळतो, दुसऱ्याचा केवळ 63 टक्के, आणि उत्पादित आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भासते. वेग 2 मिलिलिटरवर आणला की 30 सेकंद मिळतात आणि ही तफावत जवळजवळ नाहीशी होते. हा हिशेबही सरासरी वेगाचा आहे. संथ प्रवाहात नळीच्या मध्यातील द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने जातो, म्हणून थोडी सवड ठेवावी.

आमच्या उत्पादितातील बेंझिन वलयावरच्या प्रोटॉनांचा टी-वन मूळ पदार्थाच्या मिथिल गटापेक्षा बराच मोठा होता. गॅस क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे, आकडे जुळेनात, तेव्हा आम्ही आठवडाभर उत्प्रेरकाला दोष देत राहिलो. तो अगदी निर्दोष होता.

प्रवाहाचा फायदाही आहे, आणि त्याचे मूळ 1951 साली बंगळूरच्या जी. सूर्यन यांनी दाखवले होते: मोजणीने थकलेले केंद्रक पुढे निघून जातात आणि त्यांच्या जागी ताजे येतात. त्यामुळे आजच्या यंत्रांवर मोजणीसाठीचे पुढील रेडिओ-स्पंदन लवकर देता येते. ही गोष्ट आपल्या देशातील प्रयोगशाळेत प्रथम पाहिली गेली, याचे मला फार अप्रूप वाटते. अर्थात येणारे केंद्रक आधी पूर्ण चुंबकित झालेले असतील, तरच हा फायदा पदरात पडतो. वेगामुळे वर्णपटातील रेषा रुंदावतात हे खरे, पण कॉइलमध्ये द्रव 0.6 सेकंद राहिला तरी ती वाढ अर्ध्या हर्ट्झच्या आसपास असते. साध्या टेबलावरच्या यंत्रावर ती क्वचितच अडचण ठरते.

हिशेबापेक्षाही खात्रीची कसोटी अशी: एकमेकांशी अभिक्रिया न करणारे, ज्ञात प्रमाणातील मिश्रण घ्यावे, त्यातील पदार्थांचे टी-वन आपल्या पदार्थांच्या जवळपासचे असावेत, आणि ते आधी पंप थांबवून व नंतर तीन-चार वेगांवर मोजावे. ज्या वेगापर्यंत गुणोत्तर ढळत नाही, तो आपला वेग.

संथ वेगाची किंमत मात्र उशिराने चुकवावी लागते. 0.8 मिलिमीटर आतील व्यासाच्या 2 मीटर नळीत साधारण 1 मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे मिनिटाला 2 मिलिलिटर वेगाने वाटेतच अर्धे मिनिट जाते आणि अभिक्रिया तेवढा वेळ नळीत, खोलीच्या तापमानाला चालू राहते. बडोद्याच्या मे महिन्यातील दुपारी आणि जानेवारीतील सकाळी ते तापमान एक नसते, म्हणून नळी तापमान-नियंत्रित आवरणात ठेवावी. अर्धे प्रमाण संपायला एखादे मिनिटच लागत असेल, तर पंप थांबवून मोजण्याची पद्धतच घ्यावी.