मुलांच्या हातातले कुस्तीगीर

व्यावसायिक कुस्तीतील मल्लांच्या अ‍ॅक्शन फिगर्सविषयी, म्हणजे हातात मावणाऱ्या खेळण्यातील पुतळ्यांविषयी, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मी अनेक वर्षांपासून कुस्तीगिरांच्या फिगर्स जमवतो. अलीकडे आठ वर्षांच्या पुतण्याला मॅटेल कंपनीच्या ‘बेसिक’ मालिकेतील एक फिगर भेट दिली आणि तो तिच्याशी तासन् तास खेळतो. माझे संग्राहक मित्र मात्र म्हणतात की, कमी सांध्यांच्या या फिगर्स म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय असून कंपनीने त्या बंद करून सगळे लक्ष ‘एलिट’ मालिकेवर द्यावे. त्यांचे म्हणणे आपल्याला पटते का?

उत्तर: आपल्या मित्रांच्या तक्रारीचा काही भाग रास्त आहे, परंतु तिचा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. मॅटेलने जानेवारी 2010 पासून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या मल्लांच्या फिगर्स बाजारात आणल्या, तेव्हापासून ‘बेसिक’ आणि ‘एलिट’ या दोन मालिका शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. एलिटमध्ये पोटाचा सांधा, गुडघ्याचा दुहेरी सांधा, काढता-घालता येणारे कपडे आणि सोबतच्या वस्तू असतात. बेसिकमध्ये यातले पुष्कळसे वगळलेले असते आणि म्हणूनच तिची किंमत कमी राहते. ज्या मुलाला एका मल्लाशी दुसरा मल्ल लढवायचा आहे, त्याच्याजवळ निदान दोन मल्ल तरी असावे लागतात. त्यामुळे त्याच्या दृष्टीने सांध्यांची संख्या वाढण्यापेक्षा आखाड्यातील मल्लांची संख्या वाढणे अधिक मोलाचे ठरते.

संग्राहकांना आज ज्या फिगर्स सर्वाधिक प्रिय आहेत, त्यांचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. एलजेएन कंपनीने 1984 ते 1989 या काळात काढलेल्या सुमारे 8 इंच उंचीच्या फिगर्स भरीव रबराच्या होत्या आणि त्यांना एकही सांधा नव्हता. हल्क होगन या प्रसिद्ध मल्लाच्या फिगरचे हात ज्या स्थितीत साच्यातून निघाले, त्याच स्थितीत कायम राहिले. त्यानंतर 1990 ते 1994 पर्यंत हॅस्ब्रो कंपनीने सुमारे साडेचार इंचांच्या प्लॅस्टिकच्या फिगर्स काढल्या. त्यांतही हालचाल मर्यादितच होती, पण प्रत्येक मल्लात स्प्रिंगवर चालणारा एखादा डाव बसवलेला असे. कोणाचा हात मागे ओढून सोडला की तो प्रतिस्पर्ध्यावर आदळत असे, कोणी पाय दाबून सोडल्यावर उसळी मारत असे, तर कोणी कमरेतून गर्रकन फिरत असे. या दोन्ही मालिका मुलांसाठीच तयार झाल्या होत्या, त्या मुलांनी मनसोक्त वापरल्या, आणि रंग न उडालेला नमुना आज दुर्मीळ आहे तोही त्यामुळेच. ज्यांनी त्या काळी त्या खेळवल्या, तेच आज प्रौढ संग्राहक आहेत. म्हणून मुलांसाठी बनवलेली फिगर कनिष्ठ असते असे एखादा संग्राहक म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या कपाटातील सर्वांत मौल्यवान वस्तूंचे मूळच नाकारत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे आणखी ठळक उदाहरण मॅटेलच्याच दोन मालिकांत सापडते. सुरुवातीच्या काळात आलेल्या ‘फ्लेक्स फोर्स’ मालिकेत मल्लाच्या शरीरात यंत्रणा बसवून लाथ, ठोसा किंवा फेक असे डाव साधले होते. या यंत्रणेपायी शरीराची प्रमाणबद्धता बिघडते आणि सांधे कमी होतात, अशी टीका संग्राहकांनी तेव्हा केली. पुढे 2017 मध्ये हॅस्ब्रोच्या जुन्या फिगर्सचा आकार, त्यांच्या वेष्टनाचे पुठ्ठ्याचे कार्ड आणि त्यांचे स्प्रिंगचे डाव यांच्या धर्तीवर ‘रेट्रो’ मालिका आली आणि तिचे मात्र प्रौढांनी मनापासून स्वागत केले. दोन्ही मालिकांच्या मुळाशी कल्पना एकच आहे; फरक पडला तो पाहणाऱ्याच्या आठवणींमुळे. आठवणींवर प्रेम करण्यात काहीच गैर नाही, फक्त आजच्या मुलाच्या आठवणी अजून तयार व्हायच्या आहेत, याचे भान टीका करताना राहिले पाहिजे.

आता मित्रांच्या तक्रारीतील रास्त भागाविषयी. चेहऱ्याचे साम्य, रंगकामातील हयगय, एकाच लोकप्रिय मल्लाची वर्षभरात पुन्हा पुन्हा येणारी फिगर आणि मनगटाजवळ सहज तुटणारी, सांधा जोडणारी खुंटी, या चार गोष्टींविषयी संग्राहक जे बोलतात ते मुलांच्याही हिताचे आहे. धडाचा साचा दोन मल्लांना सामायिक असला तरी मुलाला त्याचे फारसे वाटत नाही, पण आपल्या आवडत्या मल्लाचा चेहरा ओळखू आला नाही तर ते त्याला नक्कीच खटकते. अलीकडे चेहऱ्याचे बारकावे छपाईच्या तंत्राने उतरवले जाऊ लागल्यापासून स्वस्त फिगर्सचे चेहरेही पुष्कळ सुधारले आहेत, आणि त्याचे थोडे श्रेय संग्राहकांच्या चिकाटीला द्यायला हवे.

आपल्या पुतण्यासाठी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. नव्या फिगरचा सांधा कधी कधी रंगामुळे घट्ट चिकटलेला असतो आणि तो जोराने फिरवला की आतली खुंटी पिळवटून तुटते. त्यामुळे पहिल्यांदा हालचाल करण्यापूर्वी मोठ्या माणसाने तो भाग काही मिनिटे गरम पाण्यात बुडवून ठेवावा. प्लॅस्टिक किंचित मऊ होते आणि सांधा सुखरूप सुटतो.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला महिला कुस्तीगिरांच्या फिगर्स हव्या आहेत. तिने बाहुल्या घ्याव्यात की मुलगे खेळतात त्याच फिगर्स? संग्राहकांचे याबाबत काय मत असते?

उत्तर: तिला तिचे मल्ल एकमेकांशी लढवायचे असतील, तर त्याच आकाराच्या फिगर्स घ्याव्यात. महिला कुस्तीगिरांना या खेळण्यांच्या जगात दीर्घकाळ फारच थोडी जागा मिळाली. एलजेएनने काढलेली मिस एलिझाबेथची फिगर आज संग्राहक आवर्जून शोधतात, पण ती मल्लाची नसून व्यवस्थापिकेची होती. मॅटेलने 2017 मध्ये मुलींना समोर ठेवून 12 इंची बाहुल्या आणि 6 इंची फिगर्स अशी एक स्वतंत्र मालिका काढली, तेव्हा संग्राहकांत दोन मते दिसली. काहींना महिला मल्लांना अखेर पुरेशी जागा मिळाल्याचा आनंद होता, तर काहींचा आक्षेप असा होता की, आखाड्यात पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना दुकानात मात्र वेगळ्या फळीवर का ठेवावे. हा आक्षेप आम्हाला अधिक वजनदार वाटतो. 12 इंची बाहुली 6 इंचाच्या मल्लाशी लढू शकत नाही, आणि त्यामुळे खेळच मुळात दोन भागांत विभागला जातो. महिला मल्लांच्या फिगर्स बेसिक आणि एलिट या दोन्ही मालिकांत नियमितपणे येतात, तेव्हा निवडीला वाव भरपूर आहे.

प्रश्न: माझ्याकडे माझ्या लहानपणीच्या, 1980 च्या दशकातील रबरी फिगर्स आहेत. त्यांतील काही आता चिकट लागतात. माझा पाच वर्षांचा मुलगा त्या मागतो. त्याला त्या द्याव्यात का?

उत्तर: देऊ नयेत, असे आमचे मत आहे, आणि त्यामागे फिगर्सच्या बाजारमूल्याचा विचार नाही. मऊ प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर झिरपतात. आपल्याला जाणवणारा चिकटपणा बहुधा त्याचाच आहे. या द्रव्यांपैकी थॅलेट गटातील काहींवर अमेरिकेने 2008 च्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने मुलांच्या खेळण्यांत 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. त्याच कायद्याने रंगातील शिशाची मर्यादा 2009 पासून 600 पीपीएमवरून (म्हणजे दहा लाख भागांत 600 भाग) 90 पीपीएमवर आणली. आपल्या फिगर्स या मर्यादांच्या कितीतरी आधीच्या आहेत, त्यांचा रंग सहज निघतो, आणि पाच वर्षांचे मूल खेळता खेळता हात तोंडात घालते. एवढी कारणे पुरेशी आहेत.

चिकटपणा घालवण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा, आणि फिगर पूर्ण वाळल्यावरच ठेवावी. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रावण अजिबात वापरू नये, कारण त्यासोबत रंगही जातो. ऊन आणि उष्णता यांपासून त्या दूर ठेवाव्यात, तसेच दोन फिगर्स एकमेकींना चिकटून ठेवू नयेत, कारण एकीचा रंग दुसरीवर उतरू शकतो. मुलाला त्या कपाटात पाहू द्याव्यात, त्यातील मल्लांच्या गोष्टी सांगाव्यात, आणि खेळण्यासाठी त्याच मल्लांच्या आजच्या फिगर्स आणून द्याव्यात. हल्क होगन, रँडी सॅव्हेज यांच्या फिगर्स नव्या मालिकांतही अनेकदा आल्या आहेत.

प्रश्न: पॅकबंद फिगर मुलाने उघडली तर तिचे मोल जाते, हे खरे आहे का? आणि तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: कार्डावरील न उघडलेल्या फिगरला संग्राहक अधिक किंमत देतात, हे खरे आहे. तथापि हल्लीच्या सर्वसाधारण फिगर्स इतक्या मोठ्या प्रमाणावर तयार होतात की, त्यांतील बहुतेकींची किंमत वाढेल या आशेने मुलाचे खेळणे बंद ठेवणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ज्यांना दोन्ही साधायचे असते ते दोन नग घेतात. ते शक्य नसेल तर भेट मुलाच्या नावाने दिली आहे की संग्रहाच्या, हे आधी ठरवावे आणि मुलाच्या नावाने दिलेली भेट त्याला लगेच उघडू द्यावी.

धाकट्या भावंडाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. या फिगर्स मोठ्या मुलांसाठी असतात आणि काढता येणारे हात, माइक, गॉगल, पट्टे अशा बारीक वस्तू त्यांच्यासोबत येतात. अमेरिकी नियमांत अशा वस्तू मोजण्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचे आणि तिरक्या तळाचे एक नळकांडे ठरवून दिले आहे, ज्याची खोली 25.4 पासून 57.1 मिलिमीटरपर्यंत वाढत जाते. न दाबता त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात असू नये, असा तो नियम आहे. घरात असे नळकांडे नसले तरी त्या मापावरून अंदाज बांधता येतो. फिगर स्वतः मोठी असली, तरी तिच्या बारीक वस्तू झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवाव्यात. थोरले मूल लहानग्यासमोर खेळत असेल, तेव्हा त्या बाहेर काढूच नयेत. तुटलेला हात किंवा निघालेली खुंटी जमिनीवर राहिली नाही ना, हे खेळ संपल्यावर मोठ्या माणसाने स्वतः तपासावे.