नव्या गाडीचं रनिंग-इन: हळू चालवा की कशीही चालवा?

नवी गाडी घेतलीत आणि ग्रुपवर विचारलंत, की रनिंग-इन, म्हणजे नव्या गाडीचे भाग एकमेकांशी जुळेपर्यंत ती जपून चालवणं, नेमकं कसं करायचं, ऑइल 500 किमीला बदलायचं का, आणि पुढच्या आठवड्यात 600 किमीच्या सहलीला गाडी न्यायची का. तुम्हाला तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. शोरूमवाला म्हणतो, "आता रनिंग-इन वगैरे काही राहिलं नाही, बिनधास्त चालवा." काका म्हणतात, पहिले 2000 किलोमीटर काटा 60 च्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि व्हिडिओतला तो मोटरसायकलवाला सांगतो, की पहिल्या दिवसापासून गाडी पिळली तरच इंजिनात दम येतो. गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण गाडी तिघांपैकी एकाच्याही सांगण्यावरून चालवू नका. पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये वेग किती, यापेक्षा तो बदलता आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

आधी इंजिनात काय चालतं ते बघू, कारण सगळं भांडण तिथलंच आहे. ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या सिलिंडरची आतली भिंत दिसते गुळगुळीत, पण मुद्दामच ती पूर्ण गुळगुळीत ठेवत नाहीत. कारखान्यात हॉनिंग करून, म्हणजे घासणीच्या दगडाने घासून, तिच्यावर एकमेकांना छेद देणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडतात. या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांच्या मधले उंचवटे आणि पिस्टनभोवती बसवलेल्या रिंगांच्या (कड्यांच्या) कडा पहिल्या काही तासांत एकमेकांवर घासून जुळतात. यालाच मेकॅनिक रिंगा बसणं म्हणतात. त्या नीट बसल्या की पेट्रोल-डिझेलच्या जळण्याचा दाब वरच राहतो आणि ऑइल खाली राहतं. नीट बसल्या नाहीत तर दाब खाली गळतो, ऑइल वर येऊन जळतं, आणि गाडी कायमची ऑइल पिणारी होते.

आता, रिंग भिंतीवर दाबली कशाने जाते? तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो मामुली. खरा जोर लावतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे ढकलतो. म्हणजे इंजिनावर थोडा भार आल्याशिवाय रिंगा भिंतीला घट्ट टेकतच नाहीत. काकांचा सल्ला इथे फसतो. वरच्या गिअरमध्ये पाय जेमतेम ठेवून तासन् तास एकाच वेगाने गाडी चालवली, किंवा नवी गाडी दारात उभी करून अर्धा तास नुसती चालू ठेवली, तर दाब कमी राहतो. मग उंचवटे घासले जाण्याऐवजी भिंतीवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर बसू शकतो. तो एकदा बसला की रिंगा बसायला मागत नाहीत. डिझेल इंजिनांना तर बिनभाराचं चालणं विशेष सोसत नाही.

विमानाच्या पिस्टन इंजिनांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. लायकॉमिंगसारखी कंपनी नवं किंवा ओव्हरहॉल केलेलं इंजिन सुरुवातीला 65 ते 75 टक्के ताकदीवर उडवायला सांगते, तेही साध्या मिनरल ऑइलवर, आणि ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत ते तसंच ठेवायला सांगते. तिथे नव्या इंजिनाला गोंजारत बसणं हीच चूक मानली जाते. अर्थात ती मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद सिलिंडरची, हवेवर थंड होणारी इंजिनं. त्यांचा आकडा उचलून मोटारीला लावू नका. रिंगांना भार लागतो, एवढंच त्यातून घ्या.

मग काका चुकले कुठे? चुकले नाहीत, त्यांचा काळ वेगळा होता. तेव्हाचं हॉनिंग खडबडीत असे, सुट्या भागांच्या मापात फरक असे, ऑइल आजच्या मानाने साधं असे. नव्या इंजिनात पिस्टन तापून फुगला की सिलिंडरमध्ये अडकायची भीती खरी होती. ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या वर्षांत नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावायची पद्धतच होती. आज कारखान्यातच हॉनिंगचा शेवटचा हात फिरवून उंचवट्यांची टोकं छाटून टाकतात. जे काम पूर्वी मालकाने रस्त्यावर करायचं, त्यातलं बरंचसं गाडी हातात येण्याआधीच झालेलं असतं. शोरूमवाल्याचं बोलणं तेवढ्यापुरतं खरं. बरंचसं, सगळं नाही.

त्याला खोटं पाडायला तुमच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल पुरे. होंडाच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पहिले 1000 किमी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर आणि झटक्याने वेग वाढवणं टाळा, पहिले 300 किमी जोरात ब्रेक मारू नका, असं लिहिलेलं असतं. टोयोटा तर पहिले 1000 किमी खूप वेळ एकाच वेगाने चालवू नका, हेही सांगते; आणि पहिले 800 किमी मागे काही ओढायचं नाही. ही दोन उदाहरणं झाली. तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असतील, तर तेच पाळा. बीएमडब्ल्यू पेट्रोल इंजिनांसाठी 2000 किमीपर्यंत आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची, मर्यादा घालते. वॉरंटी देणारी कंपनी स्वतः लिहून देते आहे, तर गाडी विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर का जायचं?

पिळणाऱ्यांचं मत अर्धवट खरं आहे, कारण भाराचा मुद्दा त्यांना बरोबर सापडलाय. पण भार देणं आणि आरपीएमचा काटा लाल रेषेपर्यंत नेणं यांत फार अंतर आहे. जुळत नसलेल्या दोन पृष्ठभागांवर एकदम पूर्ण जोर आला, की उंचवट्यांच्या टोकांवर उष्णता साठते आणि धातू घासला जाण्याऐवजी ओरबाडला जातो. 'मी पहिल्या दिवसापासून पिळली, काही झालं नाही' या पुराव्यात फारसा दम नाही, कारण तीच गाडी पुन्हा नवी करून दुसऱ्या पद्धतीने चालवून कुणालाच बघता येत नाही. काकांच्या अनुभवालाही हेच लागू, म्हणा.

थंड इंजिनाचा मुद्दा या सगळ्याच्या वर ठेवा, आणि तो पहिल्या हजार किलोमीटरपुरता नाही. सकाळी गाडी सुरू केली की उभी ठेवून तापवत बसू नका. थोड्या वेळात निघा आणि सुरुवातीला हलक्या पायाने चालवा. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं, असं धरू नका. ऑइल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते तापेपर्यंत ओव्हरटेकची हौस थांबवता येते.

दुसरी वाईट सवय काटकसरी लोकांची. पाचव्या गिअरला 40 च्या वेगाने चढ चढायचा, इंजिन गुरगुरतंय, हादरतंय, आणि हे म्हणतात, 'आरपीएम कमी ठेवलेत, जपतोय.' कमी आरपीएमवर जास्त भार म्हणजे बेअरिंगवर मार. गिअर खाली घ्या, इंजिनाला मोकळं फिरू द्या.

मला विचाराल तर पहिल्या दिवसांत इंजिनापेक्षा ब्रेक आणि टायरची काळजी जास्त करायला हवी, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नवा पॅड आणि नवी डिस्क पूर्ण टेकलेली नसतात. पॅडच्या मालाचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की ब्रेकची पकड पूर्ण येते. त्यासाठी मध्यम वेगातून मध्यम जोराने, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन ब्रेक लावत राहावं. ब्रेक खूप तापलेले असताना पेडल दाबून एका जागी उभं राहू नका. पॅडच्या जागी ठसा उमटतो आणि नंतर ब्रेक लावताना पेडल थरथरतं. तोपर्यंत समोरच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. नवे टायर साच्यातून सुटून येताना त्यावर राहिलेल्या थरामुळे सुरुवातीला निसरडे असतात, आणि पूर्ण उंचीच्या रबरामुळे गाडी वळणावर थोडी डुलल्यासारखी वाटते. चारचाकीत हे निभावतं. दुचाकीवाल्यांनी मात्र पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गाडी वळणावर हळूहळू जास्त झुकवत न्यावी, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. इंजिन बिघडलं तर खिशाला चाट बसते. टायर घसरला तर हाड मोडतं.

क्लच मॅन्युअल असेल तर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. एवढंच.

ऑइलबद्दल तुम्ही विचारलंय, की 500 किमीला बदलून टाकू का. मोटारीत, मॅन्युअल सांगत नसेल तर नको. होंडा स्पष्ट लिहिते, की कारखान्यातून आलेलं ऑइल ठरलेल्या वेळेआधी काढू नका. मोटरसायकलचं वेगळं आहे. तिथे बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात. गिअरच्या दातांचा सुरुवातीचा बारीक चुरा त्याच ऑइलमध्ये फिरतो, म्हणून पहिलं सर्व्हिसिंग लवकर असतं. ते चुकवू नका. 'सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेल्या) ऑइलमुळे रिंगा बसत नाहीत' ही समजूत सोडून द्या. शेव्हरोलेट कॉर्व्हेट 1992 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून येते, तिच्या रिंगा बसतातच. आणि पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये ऑइल थोडं जास्त खर्च होणं, मायलेज कमी मिळणं, हे चालतं. मायलेजवरून शोरूमशी लगेच भांडायला जाऊ नका. पहिल्या एक-दोन दिवसांत सायलेन्सरवरच्या संरक्षक थराचा जळका वास आला, तरी घाबरू नका.

इलेक्ट्रिकवाल्या सदस्यांसाठी: रिंगा नाहीत, त्यामुळे वरचं इंजिनपुराण तुम्हाला लागू नाही. ब्रेक आणि टायर मात्र तेच. उलट तुमच्याकडे मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे पॅड फारसे वापरलेच जात नाहीत आणि बसायला वेळ लागतो.

राहता राहिली पुढच्या आठवड्यातली तुमची 600 किलोमीटरची सहल. खुशाल जा. जाताना ब्रेक आणि टायर बसायला आधी थोडं गावातलं चालवून घ्या. हायवेवर क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप एकसारखा धरून ठेवणारी सोय, लावू नका. 70 वर काही वेळ, मग 90, मग गिअर बदलून पुन्हा खाली, मोकळ्या चढावर अर्ध्याहून थोडा जास्त अ‍ॅक्सिलरेटर देऊन वेग घ्या आणि नंतर पाय काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्या. गाडी माणसांनी आणि सामानाने खच्चून भरू नका. मुक्कामाला पोहोचलात की गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलची पातळी बघा. परत निघण्याआधी पुन्हा एकदा बघा. ती खालच्या खुणेकडे सरकलेली दिसली, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याहून जास्त नको.