मागची शिवण वाकडी का येते?

प्रश्न : हाताने शिवलेली चामड्याची पाकिटं विकायचा विचार आहे. पण मागची शिवण वाकडी येते आणि कडा घासूनही गुळगुळीत होत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : दोष टाक्यांचा नाही, भोकांचा. भोकं पाडायचा दातेरी पंच जरा कलला की पुढची ओळ सरळ दिसते, मागची भरकटते. कडेपासून ३ मिमीवर रेघ ओढा, पंच काटकोनात ठोका आणि पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवूनच पुढे सरका. दोरा शिवणीच्या चौपट, सुया दोन. प्रत्येक भोकात आधी एकाच ठरलेल्या बाजूची सुई घाला. कडा? क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं घासून चकाकत नाही, त्याला एज पेंट, म्हणजे कडेला लावायचा रंग लागतो. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं घ्या, कड किंचित ओली करून घासा. विकण्याआधी एकाच नमुन्याची दहा पाकिटं करा, प्रत्येकाला लागलेला वेळ लिहा आणि त्याची मजुरी धरूनच किंमत लावा.