ब्लूगिलसाठी लाइन आणि आमिष: आधी हुक बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळच्या बसी लेकवर मुलीला घेऊन जाता, बॉबर (लाइनवरचा तरंगता गोळा) सारखा टुकटुक हलतो, गांडूळ फस्त होतं, पण ब्लूगिल (इथल्या तळ्यांतला छोटा, चपटा मासा) काही लागत नाही. हुक रॉडच्या सेटमध्ये आले तेच वापरताय. आता रीलवरची १० पौंडी लाइन (१० पौंड ताण सोसणारी दोरी) काढून फ्लुरोकार्बन (एक प्रकारची प्लास्टिकची लाइन) भरावी की ब्रेडेड (विणलेली), आणि आमिष कुठलं लावावं?

गांडूळ खाल्लं जातंय म्हणजे मासे आहेत, भुकेले आहेत आणि तुमच्या लाइनला मुळीच भीत नाहीत. घोडं अडलंय हुकपाशी. ब्लूगिलचं तोंड करंगळीच्या टोकाएवढं. तो आमिषाचा लचका तोडत नाही, पाण्यासकट आत ओढून घेतो आणि काही टोचलं तर तितक्याच चपळाईने थुंकून टाकतो. सेटमधले हुक बहुतेक वेळा बास किंवा कॅटफिशसारख्या मोठ्या माशांच्या मापाचे असतात, ते त्याच्या तोंडात जातच नाहीत. ८ नंबरचा हुक घ्या, मासे फारच लहान असतील तर १०. (हे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तितका हुक लहान.) दुकानात लांब दांडीचा, बारीक तारेचा 'ॲबर्डीन' मागा. दांडी लांब असली की माशाच्या तोंडातून काढताना चिमटीत धरता येते. तार बारीक असल्यामुळे बुडालेल्या फांदीत अडकला तर जरा ताणल्यावर हुक सरळ होऊन सुटतो. मग पक्कडीने परत वाकवायचा.

आता गांडूळ. नाइटक्रॉलर (मोठं गांडूळ) अख्खा लावत असाल तर तुम्ही माशांना फुकट जेवण वाढताय. लोंबणारं शेपूट बाहेरच्या बाहेर ओढून नेतात आणि बॉबर तेवढा नाचत राहतो. अर्ध्या इंचाचा तुकडा पुरे. मोजा घालतो तसा तो हुकवर ओवून वर सरकवायचा, टोकापुढे फार तर पाव इंच राहू द्यायचा. तुकडा पांढुरका पडला की बदलायचा. एका डबीत दिवसभराचं काम होतं. डबी फ्रिजमध्ये ठेवता येते, पण वर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी एकदा चटणी समजून झाकण उघडलं होतं, तेव्हापासून गांडुळांची सोय गॅरेजमध्ये.

गांडूळ मुलीला किळसवाणं वाटत असेल तर वॅक्सवर्म घ्या, म्हणजे मेणपतंगाच्या अळ्या. पांढऱ्या, स्वच्छ, हुकवर छान बसतात. बर्फातल्या मासेमारीला तर इथे तेच चालतं. जिथे मिळतात तिथे उन्हाळ्यात क्रिकेट (रातकिडे) हेही उत्तम. तिकडे नदीवर गळाला कणीक लावायचो तशी इथे चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालते, पावाचा गोळाही चालतो, पण ब्लूगिल मुळात किडे खाणारा, आणि कणीक दोन मिनिटांत विरघळते. मक्याच्या दाण्याला इथे कार्प जास्त येतात.

लाइनवर मला फार बोलायचं नाही. ४ पौंडी साधी मोनोफिलामेंट, म्हणजे आपलं तंगूस, भरा आणि विसरून जा. १० पौंडी लाइन तुटत नाही हे खरं, पण ती जाड आणि ताठ असते. रीलवरची तिची वेटोळी एवढ्याशा आमिषाच्या वजनाने सरळ होत नाहीत, आणि हलकं आमिष लांब फेकलंही जात नाही. मासा मोठा लागला तर ४ पौंडी तुटेल ही भीती सोडा. ब्लूगिलचा जागतिक विक्रमच ४ पौंड १२ औंसांचा आहे, १९५० साली अलाबामातल्या केटोना लेकमधला. शिवाय रीलचा ड्रॅग (ब्रेक) सैल ठेवला की मासा ओढेल तशी लाइन सुटत जाते. एखादा बास आला तरी घाई केली नाहीत तर तोही निघेल. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावा. कोरडी गाठ घासून तापते आणि बारीक लाइन नेमकी तिथेच कमकुवत होते. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते, पण महाग, बुडणारी आणि छोट्या रीलवर हट्टी. बॉबरखाली तिचा काही उपयोग नाही. ब्रेडेड ताणली जात नाही, ती नवशिक्याने झटका मारला की माशाचं तोंड फाडते, आणि वाऱ्यात रॉडच्या टोकाला गुंडाळली तर सोडवत बसा.

हे तोंड फाटण्याचं क्रॅपी या दुसऱ्या माशाच्या बाबतीत जास्त. त्याच्या ओठांचा पडदा अगदी पातळ, त्यामुळे झटका न देता नुसता रॉड उचलायचा. तो लहान मासे खातो, म्हणून ४ किंवा ६ नंबरच्या हुकवर जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे), नाहीतर १/३२ औंसाचा छोटा जिग (वजन जोडलेला हुक). तो वर बघत शिकार करतो, आमिष त्याच्या खाली गेलं तर त्याला पत्ताच लागत नाही. मिनो उरले तर तळ्यात सोडू नका. उरलेली गांडुळंही झाडाखाली न टाकता कचऱ्यात टाका. ग्रेट लेक्सच्या आसपासच्या जंगलांत ती मूळची नाहीत आणि जमिनीवरचा पालापाचोळा संपवून टाकतात.

बॉबरही तपासा. तो लाल-पांढरा मोठा चेंडू असेल तर एवढ्याशा माशाला तो खाली ओढताना जड जातो आणि मासा आमिष सोडतो. पेन्सिलीसारखा सडपातळ घ्या, हुकच्या सहा-आठ इंच वर लाइनवर एक-दोन छर्रे (वजनाच्या बारीक गोळ्या) दाबा, बॉबरचं फक्त टोक वर दिसेल इतपत. छर्रे शिशाचे नकोत, कथलाचे घ्या, मुलं ते दाताने दाबतात. खोली दोन ते चार फूट, पाणवनस्पतींच्या कडेला. टुकटुक सुरू असताना काही करायचं नाही. बॉबर आडवा सरकू लागला किंवा बुडाला की मनगटाने हलकेच उचलायचं.

मासा धरताना हात ओला करून डोक्याकडून मागे सरकवा, म्हणजे पाठीवरचे काटे मिटतात. हुक खोल गिळला असेल तर खणत बसू नका, लाइन कापा. मुलीला १६ पूर्ण होईपर्यंत लायसन्स लागत नाही, तुम्हाला मात्र लागेल.

रॉडच्या सेटचं पाकीट अजून असेल तर त्यावरचा हुक नंबर बघून कळवा, म्हणजे माझा अंदाज बरोबर आहे का ते समजेल.