रीफ टाकीचा रिटर्न पंप : खोक्यावरचा आकडा आणि वर पोहोचणारे पाणी

प्रश्न : माझी रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) १२० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच आहे, म्हणजे साधारण ३०० लिटर. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे गाळणीची उपकरणे ठेवण्याची दुसरी टाकी, बसवण्याचे काम चालू आहे; तिथले पाणी रिटर्न पंपाने वर टाकीत परत जाईल. सम्पमधल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची सव्वा मीटर भरते. एका स्नेह्यांच्या मते प्रवाळांना जोरदार प्रवाह लागत असल्याने ताशी ६००० लिटरचा पंप घ्यावा. दुसरे म्हणतात, ताशी १५०० लिटरचा पुरे. कोणाचे मानावे?

उत्तर : पहिल्या सल्ल्यात दोन वेगळ्या कामांची गल्लत झालेली दिसते. प्रवाळांना जोरदार आणि दिशा बदलणारा प्रवाह लागतो हे खरे, पण तो टाकीत बसवलेल्या वेव्हमेकरने (पाणी जागच्या जागी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने) द्यायचा असतो. रिटर्न पंपाचे काम त्याहून साधे आहे. पाणी स्किमर (फेसातून घाण वेगळी करणारे उपकरण) आणि हीटरपर्यंत फिरत राहावे आणि टाकीच्या पृष्ठभागावरचा तवंग ओव्हरफ्लोमधून, म्हणजे टाकीतले वरचे पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या कप्प्यातून, सतत खाली जावा, एवढ्यासाठी टाकीच्या आकारमानाच्या चार-पाच पट पाणी दर तासाला फिरले तरी भागते. आपल्या टाकीसाठी हा हिशेब ताशी १२०० ते १५०० लिटर असा येतो. वेव्हमेकर जे काम कमी विजेत करतो, तेच पाणी सव्वा मीटर वर उचलून करून घेणे म्हणजे विजेचा अपव्यय आहे.

दुसऱ्या स्नेह्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो खोक्यावर नव्हे, टाकीत पडणाऱ्या पाण्याला लागू करायला हवा. पंपावर छापलेला प्रवाह शून्य उंचीला मोजलेला असतो आणि उंची वाढेल तसा तो घटत जातो. ‘कमाल हेड’ म्हणून जी उंची दिलेली असते, तिथे तर पाण्याचा थेंबही वर चढत नाही. कमाल हेड दोन मीटरच्या आत असलेला ताशी १५०० लिटरचा पंप आपल्या टाकीत कसेबसे निम्मे पाणी टाकेल. म्हणून माहितीपत्रकातला प्रवाह-उंचीचा आलेख पाहावा, आणि तो दिलेलाच नसेल तर मी तरी तो पंप घेणार नाही. उंची पाण्याच्या पातळीपासून पातळीपर्यंत मोजावी. पंप सम्पच्या तळाशी ठेवला म्हणून हेड वाढत नाही.

या सव्वा मीटरमध्ये नळीतल्या घर्षणाची भर पडते. घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अरुंद नळीला मोठा पंप जोडला तर वाढवलेल्या ताकदीचा मोठा भाग नळीतच जिरतो. पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठी नळी वापरावी आणि शक्य तिथे काटकोनी एल्बोऐवजी लवचीक नळीचे मोठे वळण द्यावे. घर्षणासाठी अर्धा मीटर धरल्यास आलेखावर पावणेदोन मीटरच्या रेषेवर ताशी १५०० लिटर किंवा थोडे अधिक देणारा पंप आपल्याला हवा आहे; त्याच्या खोक्यावरचा आकडा बहुधा ३००० च्या आसपास असेल. त्याच पंपावरून रिअ‍ॅक्टर (गाळण-द्रव्य भरलेली नळी) किंवा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) चालवायचा असल्यास त्यांचा प्रवाह यात मिळवावा.

मात्र पंप निवडण्याआधी ओव्हरफ्लोची नळी किती पाणी खाली नेऊ शकते ते पाहावे, कारण पंपाची मर्यादा तिथे ठरते. मुख्य नळीत गोगलगाय अडकली तरी पाणी जमिनीवर येऊ नये म्हणून दुसरी, रिकामी राहणारी आपत्कालीन नळी असावी आणि पंपाचा पूर्ण प्रवाह तिला एकटीला पेलता यावा.

वीज गेल्यावर उलट घडते. रिटर्नचे, म्हणजे पंपाचे पाणी टाकीत सोडणाऱ्या नळीचे, तोंड पाण्यात जितके खोल असेल, तितके पाणी सायफनने मागे उतरते. आपल्या टाकीत पातळी केवळ २ सेंमी उतरली तरी १२ लिटर पाणी खाली येईल, आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले व नळ्यांतले पाणी त्याहून वेगळे. तेवढी जागा सम्पमध्ये नेहमी रिकामी हवी. एकदिशा व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात कॅल्शियमचा थर किंवा शैवाल अडकले की तो पुरता मिटत नाही. तोंड पृष्ठभागाच्या लगत ठेवावे आणि हवा आत घेऊन सायफन तोडणारे छिद्र पाडले असल्यास ते वरचेवर साफ करावे. सगळे जोडून झाले की आपण स्वतः बटण बंद करून पाणी कुठवर चढते ते पाहावे, आणि सम्पवर तिथे खूण करून ठेवावी.

प्रश्न : डीसी पंपासाठी जास्त पैसे मोजावेत का? एसी पंपाचा प्रवाह व्हॉल्व्हने कमी करता येतोच.

उत्तर : येतो, पण व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला असावा. पाणी आत ओढणारी बाजू कधीही आवळू नये. त्याने पंपात पोकळी निर्माण होऊन आवाज वाढतो आणि इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) झिजतो. डीसी पंपाचा खरा फायदा असा, की वेग उतरवला की विजेचा वापरही उतरतो. चोवीस तास चालणारा ४० वॅटचा पंप वर्षाला सुमारे ३५० युनिट घेतो आणि २५ वॅटचा सुमारे २२०. पाण्यात बुडालेल्या पंपाची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहते, त्यामुळे उन्हाळ्यात हा फरक चिलरलाही जाणवतो. उलट बाजू अशी, की डीसी पंपाबरोबर कंट्रोलर आणि अडॅप्टर अशा बिघडू शकणाऱ्या आणखी दोन वस्तू येतात. प्रवाह एकदा ठरवून विसरायचा असेल, तर बेताच्या मापाचा एसी पंप पुरेसा आहे. दोहोंपैकी कोणताही घेतला तरी तो खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला असावा आणि पाण्याला लागणारा तांब्या-पितळेचा भाग त्यात नसावा; तांबे प्रवाळांना आणि कोळंबीला विषारी ठरते.

प्रश्न : नव्या पंपाचा प्रवाह काही महिन्यांतच मंदावला आहे. पंप खराब निघाला काय?

उत्तर : बहुधा नाही. आधी मोजून पाहावे : रिटर्नचे पाणी त्याच उंचीला १० लिटरच्या बादलीत धरावे. बादली २४ सेकंदांत भरली तर प्रवाह ताशी १५०० लिटर आहे. तो घटला असल्यास प्लग काढून पंप उघडावा. रीफच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते आणि ते इम्पेलरवर व चुंबकाभोवती खरखरीत पांढऱ्या थरासारखे बसते. सुटे भाग पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून मऊ ब्रशने घासावेत आणि गोड्या पाण्याने धुवावेत. ही सफाई दर तीन-चार महिन्यांनी करावी. सिरॅमिकचा दांडा ओढून काढू नये, तो सहज मोडतो. सुटा दांडा आणि इम्पेलर मिळतो की नाही, हे पंप घेतानाच विचारून ठेवलेले बरे.